ऑफिस सांभाळणं आणि कार्यक्रम चालवणं: सोलापुरातल्या संस्थांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या सामाजिक संस्थांमध्ये मी आधी ऑफिस सांभाळलं, नंतर कार्यक्रमाच्या बाजूला आले. दोन्ही खुर्च्यांवर बसून झाल्यामुळे नव्याने कामाला लागलेली मुलं-मुली, कधी एखाद्या मंडळाचे सचिव, फोन करून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. संस्था नोंदणीकृत ट्रस्ट आहे, पगारावर चार ते चाळीस माणसं आहेत आणि काम शहरातल्या वस्त्यांत किंवा तालुक्यात चालतं, असं धरून हे लिहिलंय.

प्रश्न: ऑफिस अॅडमिन आणि प्रोग्रॅम मॅनेजर यांच्या कामात नेमका फरक काय?

समजा, कुंभारीच्या बाजूला विडी कामगार महिलांसाठी शिवणकामाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुरू करायचंय. चाळीस जणी, दोन बॅच. कुठल्या चाळीस जणी घ्यायच्या, त्याच का, शिकून झाल्यावर गणवेश शिवणाऱ्या कुठल्या कारखान्यात त्यांना काम मिळेल, मधेच कुणी सोडलं तर तिच्या घरी कोण जाणार, हे सगळं प्रोग्रॅम मॅनेजरचं. हॉलचा भाडेकरार, मशीनची तीन कोटेशनं, बिलावर संस्थेचं नाव बरोबर आलंय का, मशीन डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढली का, शिक्षिकेचं मानधन वेळेवर गेलं का, हे अॅडमिनचं.

खरी अडचण मधल्या गोष्टींची असते. हजेरीपत्रक घ्या. बायका शिकल्या याचा तो पुरावा आहे, आणि चहा-नाश्त्याचं बिल मंजूर व्हायलाही तेच लागतं. मग ते कुणाचं? आमच्याकडे नियम असा: रोज भरून घेणं प्रोग्रॅमकडे, महिन्याच्या शेवटच्या दिवशी मूळ प्रत मागून घेऊन फाइलला लावणं अॅडमिनकडे. "मागून घेणं" हा शब्द मुद्दाम घातलाय. नुसतं "जमा करणं" लिहिलं की पत्रकं फील्डवरच्या ताईंच्या पिशवीतच राहतात.

प्रश्न: प्रोजेक्ट आणि प्रोग्रॅम म्हणजे एकच ना?

बोलताना आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो, पण फरक आहे. प्रोजेक्टला सुरुवात, शेवट आणि ठरलेला निधी असतो. वरचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण हा प्रोजेक्ट. विडीवर अवलंबून असलेल्या घरात दुसरं उत्पन्न यावं म्हणून प्रशिक्षण, बचत गट, आरोग्य तपासणी आणि मुलींच्या शाळेची फी अशी चार कामं एका दिशेने चालवली तर तो प्रोग्रॅम. प्रोजेक्ट सांभाळणारा तारखा आणि पैसे बघतो. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याला हेही बघावं लागतं की आरोग्य तपासणीचा दिवस आणि प्रशिक्षणाच्या परीक्षेचा दिवस एकच तर येत नाही ना, कारण बाई तीच असते.

प्रश्न: आमच्याकडे चारच माणसं आहेत. सगळ्यांनी मिळून सगळं करायचं असं ठेवलं तर चालत नाही का?

काम सगळ्यांनी मिळून करा, पण प्रत्येक कामावर नाव एकाच माणसाचं ठेवा. या पानावरचं दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

हे मी अनुभवाने सांगते. पूर्वी मी ज्या एका संस्थेत होते तिथे एक ज्येष्ठ विश्वस्त वारले आणि त्यांच्या जागी नवीन विश्वस्त घेतले. सभा झाली, ठराव झाला, हार-पुष्पगुच्छ झाले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आम्हा चौघांनाही ते माहीत होतं. मला वाटलं, ठराव सचिवांनी लिहिलाय तर अर्जही तेच देतील. सचिवांना वाटलं, कागदपत्रं ऑफिसात आहेत तर ऑफिस देईल. अकाउंटंट समजून चालले की वकिलांकडे गेलंय. वकिलांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे उघडं पडलं ते बँकेत, सह्या बदलायला गेल्यावर. बँकेने परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागितला आणि त्यावर वारलेल्या गृहस्थांचंच नाव होतं. मग उशीर माफीचा अर्ज आणि तारखा सुरू झाल्या. तेवढ्या काळात नवीन खातं उघडता आलं नाही आणि मंजूर झालेलं एक अनुदान थांबलं. त्या अनुदानातून ज्या मुलींची फी भरायची होती, त्यांच्या पालकांना घरी जाऊन सांगावं लागलं. ते मी सांगितलं. तेव्हापासून "आपण बघू" हे वाक्य मी मीटिंगच्या इतिवृत्तात लिहूच देत नाही. नाव आणि तारीख लिहायची.

प्रश्न: मग जबाबदाऱ्या लिहून कशा काढायच्या?

मोठ्या कंपन्यांत याचे तक्ते असतात. आपल्याला एक मोठा कार्डशीट पुरतो. डावीकडे कामं लिहा, वर चार रकाने आखा: करणार कोण, उत्तर देणार कोण, आधी विचारायचं कोणाला, नंतर कळवायचं कोणाला. पहिल्या रकान्यात दोन-तीन नावं आली तरी हरकत नाही. दुसऱ्या रकान्यात मात्र एकच नाव, आणि "ऑफिस", "टीम", "समिती" असले शब्द तिथे चालत नाहीत.

एक ओळ नमुना म्हणून देते. काम: देणगीदाराला तिमाही अहवाल. करणार: फील्डवरच्या दोन ताई आणि अकाउंटंट. उत्तर देणार: प्रोग्रॅम मॅनेजर. आधी विचारायचं: सचिवांना. नंतर कळवायचं: अॅडमिनला, कारण पाठवलेल्या अहवालाची प्रत जावकला, म्हणजे बाहेर गेलेल्या पत्रांच्या रजिस्टरला, चढवायची असते.

तक्ता भरताना भांडणं होतात, होऊ द्या. "हे माझ्याकडे कधीपासून?" हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेलेला बरा, ऑडिटच्या आठवड्यात नको. कार्डशीट भिंतीला लावा, कपाटात ठेवू नका. आणि नियुक्तीपत्राला याच तक्त्यातून काढलेली कामाची यादी जोडा. नियुक्तीपत्रात शेवटी "आणि वेळोवेळी सांगितली जातील ती कामे" एवढंच असलं की नवीन मुलगी सहा महिने झेरॉक्स काढत राहते. तिला ऑफिस शिकायचं असतं, ते राहून जातं.

प्रश्न: अॅडमिनच्या महिन्यात काय काय येतं?

रोजचं म्हणजे आवक-जावक, किरकोळ रोकड, फोन, चाव्या, पाणी, इंटरनेट. महिन्याचं तारखांवर चालतं. आधीच्या महिन्याचा कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर) ७ तारखेपर्यंत भरायचा. वीस किंवा जास्त माणसं पगारावर असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, त्याचा भरणा १५ तारखेपर्यंत. व्यवसाय कर पगारातून दरमहा २०० रुपये जातो आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागू नाही. सामाजिक संस्थांमधल्या बहुतेक ताई याच गटात येतात आणि तरी त्यांचा कापला जातो, असं मी पाहिलंय. तपासून घ्या.

वर्षाचं म्हणजे ३१ मार्चला हिशेब बंद करणं आणि त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, लेखापरीक्षण करून घेणं. ऑडिटरकडे सप्टेंबरच्या शेवटी जाऊ नका. तेव्हा सगळा जिल्हा त्यांच्या दारात असतो. मेमध्ये उन्हामुळे फील्डचं काम तसंही सकाळपुरतंच राहतं, तो महिना फायली लावायला धरा.

प्रश्न: सगळं व्हॉट्सअॅपवर येतं. आवक-जावक रजिस्टर अजून हवंय का?

हवं. व्हॉट्सअॅपवर आलेलं पत्र ज्याच्या फोनवर आलं त्याचं होतं, संस्थेचं होत नाही. फोन हरवला, माणूस सोडून गेला, की पत्रही गेलं. आमच्या रजिस्टरला "कसं आलं" हा एक रकाना जास्त आहे: हातोहात, टपाल, ई-मेल, व्हॉट्सअॅप. फोनवर आलेलं महत्त्वाचं पत्र त्याच दिवशी प्रिंट काढून क्रमांक टाकायचा. शेवटचा रकाना "कोणाकडे दिलं", आणि तिथे घेणाऱ्याची सही. "मला मिळालंच नाही" हा वाद त्या एका सहीने मिटतो. कोऱ्या कागदावर आलेला अर्जसुद्धा घ्यायचा आणि पोच द्यायची. वस्तीतून एखादी बाई दोन बसा बदलून अर्ज घेऊन आलेली असते. तिच्या हातात शिक्का मारलेली पोच पडली की आपला अर्ज कुठेतरी पोहोचला एवढी तरी तिची खात्री होते.

प्रश्न: टेबलावर कागदांचा ढीग साठतो. कसा आवरायचा?

याचं उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात सापडतं. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कलेक्टर कचेरीच्या कामाची नव्याने घडी बसवली. लोक तिला लखिना पॅटर्न म्हणतात. त्यातला सहा गठ्ठ्यांचा भाग सरकारी कचेऱ्यांत आजही सांगितला जातो, आणि तो चार माणसांच्या संस्थेलाही जसाच्या तसा लागू पडतो.

टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जातो. पहिला प्रलंबित, म्हणजे ज्यावर मला काहीतरी करायचंय. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे माझं करून झालंय, दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. तिसरा नियतकालिकं, ठरलेल्या तारखेला पाठवायची विवरणं आणि अहवाल. चौथा स्थायी आदेश, म्हणजे नियम, परिपत्रकं, ठराव, जे वारंवार बघावे लागतात. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायची पूर्ण झालेली प्रकरणं. आणि सहावा 'ड' वर्गाचे, नष्ट करायचे कागद.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा संपूर्ण शनिवार गेला. ढिगात काय सापडलं ते सांगते, कारण ते शिकण्यासारखं होतं. निम्म्याहून जास्त कागद पाचव्या आणि सहाव्या गठ्ठ्यात गेले, म्हणजे टेबलावर असायची गरजच नव्हती. प्रलंबित म्हणून ज्यांची मला धास्ती होती ते जेमतेम बोटभर जाडीचे निघाले. आणि सगळ्यात घातक गठ्ठा दुसरा ठरला. माझं काम झालं म्हणून मी ते कागद विसरले होते, पण उत्तर आलंच नव्हतं. पंचायत समितीला दिलेलं एक परवानगीचं पत्र तसंच पडून होतं. आता दर सोमवारी फक्त तो दुसरा गठ्ठा उघडायचा आणि ज्यांची उत्तरं आली नाहीत त्यांना फोन लावायचे. वीस मिनिटं लागतात.

प्रश्न: फील्डवर पक्कं बिल मिळत नाही. व्हाउचर कसं करायचं?

चहाची टपरी, रिक्षा, हमाल यांच्याकडे बिल नसतंच. संस्थेचं छापील व्हाउचर वापरा: तारीख, कशासाठी, कोणत्या प्रोजेक्टमधून, घेणाऱ्याचं नाव, मोबाइल, सही किंवा अंगठा, खर्च करणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही. खर्च करणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस असता कामा नये. ५,००० रुपयांच्या वरच्या रकमेची पावती असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, आयकरात तो खर्च अडकतो. देणगी घेताना उलट बाजू लक्षात ठेवा: २,००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही. ते पावती फाडायच्या आधी सांगा, मार्चमध्ये नको.

प्रश्न: सोलापुरात कार्यक्रमाचं वेळापत्रक करताना काय बघायचं?

मुंबई-पुण्याहून आलेला तयार आराखडा इथे तसाच लावला की पहिल्या महिन्यातच फसतो. आमच्या कॅलेंडरवर सगळ्यात आधी पाणी लिहिलेलं असतं. शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं आणि वस्तीगणिक दिवस आणि वेळ वेगळी. पाणी सुटायच्या दिवशी कुठलीही बाई बैठकीला येणार नाही, आणि येऊही नये. नवीन सहकारी तक्रार करतात की "महिलांचा प्रतिसाद नाही". मी विचारते, त्या दिवशी पाणी होतं का? बहुतेक वेळा तेच असतं. म्हणून वस्तीनिहाय पाण्याचा दिवस विचारून घेणं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ताडून बघणं हे काम फील्डवरच्या ताईंच्या नावावर तक्त्यात लिहिलेलं आहे.

मग विडीची वेळ. घरी वळलेली विडी मोजून द्यायला आणि पुढची पानं-तंबाखू आणायला बायका कारखान्यात जातात. त्या वेळेत प्रशिक्षण ठेवलं तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. वेळ विचारूनच ठरवा.

जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते. नंदीध्वज, अक्षता, होम मैदानावरची जत्रा. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा, म्हणजे १९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांचा, दिवस. त्या आठवड्यात देणगीदारांची भेट ठेवायची असेल तर यात्रा बघायलाच बोलवा, कामाचा आढावा दुसऱ्या आठवड्यात घ्या. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या बंदोबस्तात आणि सोयींमध्ये सगळं जिल्हा प्रशासन गुंतलेलं असतं. कलेक्टर कचेरीतून किंवा जिल्हा परिषदेतून सही हवी असेल तर पालख्या निघायच्या आधी फाइल नेऊन द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, घरोघरचं सर्वेक्षण सकाळी दहाच्या आत संपवा. आणि तालुके अकरा आहेत. करमाळा आणि अक्कलकोट एकाच दिवसात उरकू असं कागदावर लिहिणाऱ्याला एकदा त्या दोन्ही टोकांना पाठवा.

प्रश्न: लाभार्थ्यांच्या नावांचे घोळ कसे टाळायचे? पैसे परत येतात.

हा प्रश्न सोलापुरात खास आहे, कारण इथे मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतली घरं एकाच गल्लीत राहतात. एक ताई होत्या. वस्तीत सगळे त्यांना लक्ष्मीअक्का म्हणत, आमच्या यादीत तेच नाव. आधारवर आडनाव आधी, मग लक्ष्मीबाई, मग नवऱ्याचं नाव. पासबुकावर माहेरचं आडनाव, तेही वेगळ्या स्पेलिंगने. त्यांच्या खात्यावर पाठवलेले विद्यार्थिनीच्या फीचे पैसे तीनदा परत आले. चूक त्यांची अजिबात नव्हती. प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरणाऱ्याने आपल्या कानाला आलं तसं लिहिलं होतं.

आता नोंदणी फॉर्मवर नावाचे तीन रकाने आहेत: आधारप्रमाणे, पासबुकाप्रमाणे, आणि हाक मारायचं नाव. पहिले दोन कागद समोर ठेवून, अक्षरागणिक बघून लिहायचे. विचारून लिहायचे नाहीत. दोन्हींत फरक असेल तर नोंदणी तिथेच थांबवायची नाही, बाजूला लाल टिंब करायचा आणि बँकेत नाव दुरुस्त करून द्यायला सोबत कोण जाणार त्याचं नाव लिहायचं. फॉर्म भरणं प्रोग्रॅमचं, महिन्यातून एकदा लाल टिंबांची यादी काढणं अॅडमिनचं. तिसरा रकाना काहींना फालतू वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वस्तीत जाऊन "श्रीमती अमुक अमुक कुठे राहतात" विचारलं तर कुणालाच माहीत नसतं.

संमतीपत्र वाचून दाखवताना तिच्या भाषेत वाचा. मराठी कळत असलं तरी सही करताना मनात शंका राहू नये म्हणून.

प्रश्न: देणगीदार म्हणतात प्रशासनावर खर्च नको. अॅडमिनचा पगार कुठून काढायचा?

आधी नियम नीट समजून घ्या, कारण यात बराच गैरसमज आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामावर, खर्च करावे लागतात. त्यात प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला. प्रकल्प आखणं, राबवणं, देखरेख करणं यासाठी थेट लागणारा खर्च त्या ५ टक्क्यांत धरलेला नाही. कुणी "तुम्हाला पाचच टक्के" म्हणालं तर हे शांतपणे दाखवा. परदेशी देणगीचं वेगळं आहे: परदेशी देणगीच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात.

बजेट करताना अॅडमिनचा पगार एका ओळीत "प्रशासन" म्हणून टाकू नका. चाळीस महिलांची खाती पडताळणं, मशीनची खरेदी, हजेरीची फाइल, उपयोगिता प्रमाणपत्राची (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याची) तयारी, यात तिचे महिन्याचे किती दिवस जातात ते मोजा आणि तेवढा हिस्सा त्या प्रोजेक्टला लावा. हे खरं मोजून लावा, फुगवून नको. आम्ही दोन महिने टाइमशीट भरून बघितली, तेव्हा आम्हालाच कळलं की फील्डचं किती काम ऑफिसात बसून होतं.

प्रश्न: विश्वस्तांनी रोजच्या कामात किती लक्ष घालावं?

धोरण, बजेट, नेमणुका, मोठी खरेदी, आणि कायद्याने त्यांच्यावर असलेली उत्तरं ही त्यांची. चहात साखर किती आणि कुठल्या ताईला कुठली वस्ती, ही त्यांची नव्हेत. पण हे त्यांना कोण सांगणार, हाच तर प्रश्न असतो. अण्णा म्हणून आपण ज्यांच्या पाया पडतो त्यांना नियम कसा दाखवायचा? मी असं करते: दर महिन्याला एक पानाचा अहवाल, त्यात शेवटी "आपला निर्णय हवा" असे दोन-तीनच मुद्दे. निर्णय मागितला की माणूस निर्णय देतो, बाकीच्यात आपोआप कमी शिरतो. आणि एकाच कर्मचाऱ्याला दोन विश्वस्तांनी दोन आदेश दिले तर तिने कुणाचंही ऐकायचं नाही, लेखी टिपणी सचिवांकडे द्यायची. हा ठरावच करून ठेवा.

प्रश्न: लैंगिक छळ तक्रार समिती लहान संस्थेलाही लागते का?

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष संस्थेतली वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी नव्वद दिवसांत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तो पत्ता ऑफिसात लावा. समितीच्या कागदांची चावी अध्यक्षांकडेच राहते, अॅडमिनकडेही नाही. फील्डवर एकट्या फिरणाऱ्या ताईंना ही समिती आहे हे नेमणुकीच्या पहिल्या दिवशी सांगा.

प्रश्न: या कामासाठी काय शिकावं लागतं?

अॅडमिनसाठी युनिकोडमध्ये मराठी टायपिंग, एक्सेल, टॅली, आणि स्वच्छ मराठीत टिपणी लिहिता येणं. प्रोग्रॅमसाठी समाजकार्याची पदवी असली तर उत्तम, पण तेलुगू किंवा कन्नड बोलता येणं मी त्याच्याइतकंच मोलाचं धरते. घरात तेलुगू बोलणाऱ्या मुली मुलाखतीत ते सांगतच नाहीत, जणू ते काही कौशल्य नाही. बायोडाटात पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न: नोकरी सोडताना काम कसं हस्तांतरित करायचं?

किमान पंधरा दिवस द्या, आणि नवीन माणूस आलेला असेल तर त्यातले पाच दिवस त्याच्याबरोबर फील्डवर जा. कागदावर चार गोष्टी लागतात: चालू कामांची यादी आणि प्रत्येकाची पुढची तारीख, पासवर्ड आणि चाव्या, अर्धवट पैशांचे व्यवहार, आणि ज्यांना शब्द दिलेत त्यांची यादी. ही शेवटची यादी कुणी मागत नाही. माझ्या शेवटच्या हस्तांतरणात तिच्यात सात ओळी होत्या. "अशोक चौकाजवळच्या मावशी, शिलाई मशीनचा पट्टा बदलून देतो म्हणालो आहोत." "दहावीची मुलगी, निकालानंतर फॉर्म भरायला सोबत येतो म्हणालो आहोत." प्रत्येक ओळीसमोर नवीन माणसाची सही घेतली, आणि त्या सातही घरी तिला घेऊन गेले.